९० मिनिटांची फुटबॉल प्रॅक्टिस: रांगा न लावता, पाय न मोडता कशी घ्यायची

संध्याकाळी पाचच्या सुमाराला कोल्हापुरातल्या कुठल्याही ग्राउंडच्या कडेला दहा मिनिटं उभं राहून बघा. पोरं येतात, बुटाच्या लेस बांधायच्या आधीच बॉल काढतात, एकाला गोलमध्ये ढकलतात आणि लांबून ठोकायला सुरुवात. मग कोच येतो, शिट्टी मारतो, दोन राऊंड मारायला लावतो, एक लांबलचक रांग लावून शूटिंग घेतो आणि मग अंधार पडेपर्यंत मॅच. झाली प्रॅक्टिस! मीपण पहिली दोन वर्षं हेच केलं आणि त्यात माझ्याच चुकीमुळं एका चांगल्या विंगरची (कडेनं खेळणाऱ्या पोराची) मांडीमागची शीर भर सीझनमध्ये गेली, कारण थंडीचे दिवस, उशीर झालेला, म्हटलं राहू दे वॉर्म-अप, डायरेक्ट मॅच लावू. सहा आठवडे पोरगं कडेला बसून होतं.

खाली जे लिहिलंय ते १३ ते १६ वर्षांची पोरं, २० जण, ६ बॉल आणि अर्धं ग्राउंड असं धरून लिहिलंय, कारण आपल्याकडं पेठेतल्या नाहीतर शाळेच्या टीमला मिळतं ते एवढंच. ज्यांच्याकडं टर्फ आहे, फिजिओ आहे, त्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

टप्पा १: आदल्या रात्री, कागदावर

एका दिवसाला एकच विषय. पासिंग, शूटिंग, हेडिंग, कॉर्नर सगळं एका दीड तासात कोंबलं की पोरांना काहीच येत नाही आणि तुमचा घसा बसतो तो वेगळाच. विषय एका ओळीत लिहा, उदा. ‘मागून माणूस येत असताना पहिला टच’ (आलेल्या बॉलला पहिल्यांदा पाय लावून तो ताब्यात घेणं). ओळीत बसत नसेल तर विषय मोठा झालाय, कापा.

मग वेळ वाटून घ्या. माझा साचा असा:

० ते ५ मिनिटं हजेरी आणि तपासणी
५ ते २५ वॉर्म-अप
२५ ते ३७ रोंडो (चौकोनातलं पासिंग, एक जण आत) आणि स्प्रिंट
३७ ते ३९ पाणी
३९ ते ५९ मुख्य विषय
५९ ते ६१ पाणी
६१ ते ८२ मॅच
८२ ते ९० शेवट

डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य बुडतो, त्यामुळं साडेपाचला सुरू करून ९० मिनिटं होणारच नाहीत. साडेचारला सुरू करा, नाहीतर प्रॅक्टिस ६० मिनिटांची ठरवा आणि प्रत्येक तुकडा थोडा थोडा कापा, वॉर्म-अप तेवढा कापू नका. अंधारात बॉल तोंडावर आल्यावरच दिसतो.

गट आदल्या रात्रीच पाडा, नावं लिहून. ग्राउंडवर ‘चला चार-चार जण व्हा’ म्हटलं की पाच मिनिटं दोस्तीदुष्मनीत जातात आणि शेवटी उरतो तो पोरगा रोज तोच असतो. २० ठरवले तरी १७ येणार हे धरून चाला, १७ चे गट कसे तेही बाजूला लिहून ठेवा.

अजून एक गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत. तुमचा चांगला पोरगा दुपारी शाळेच्या प्रॅक्टिसला असतो, संध्याकाळी तुमच्याकडं आणि रविवारी तिसऱ्याच टीमकडून सेव्हन-अ-साईड खेळायला जातो, प्रत्येक कोचला वाटतं आपण बेताचंच घेतोय. आठवड्याच्या सुरुवातीला सरळ विचारा, कुठं कुठं खेळलास. आठवड्यातला एक दिवस तरी पूर्ण सुट्टी पाहिजे. या वयात हाडं भराभर वाढतात, टाच दुखते किंवा गुडघ्याखाली टेंगूळ येऊन दुखतं, तो आळशीपणा नसतो, ते जास्त खेळल्याचं दुखणं असतं.

*चेक:* प्रत्येक पोराच्या घरचा फोन नंबर, दमा, फिट्स, अ‍ॅलर्जी, आधीचं ऑपरेशन हे एका कागदावर लिहिलेलं तुमच्या बॅगेत आहे ना? नुसतं मोबाईलमध्ये असेल आणि मोबाईलची बॅटरी गेली असेल तर ते नसल्यातच जमा.

टप्पा २: पोरांच्या आधी २० मिनिटं ग्राउंडवर

अख्खा भाग पायी फिरायचा. खडी, फुटलेल्या बाटलीची काच, मांडवाचे राहिलेले खिळे, खुंटीचे खड्डे. आपली ग्राउंडं नुसती फुटबॉलची नसतात, काल तिथं लग्न झालेलं असतं नाहीतर सभा. लाल मातीच्या ग्राउंडवर मधोमध क्रिकेटचं घट्ट पिच असलं की त्याची कड हमखास घोटे मुरगळते, तिथं ड्रिल लावूच नका, प्लॅस्टिकचे कोन (शंकू) टाकून तो पट्टा बाद करा. शेजारी सीझन बॉलनं क्रिकेट चालू असेल तर त्यांच्याशी गोडीनं बोलून दिशा ठरवून घ्या, पोरांची पाठ त्यांच्या बॅट्समनकडं नको.

आता गोलपोस्ट. यात चेष्टा नाही. हलवता येणारा लोखंडी गोल पुढं कलंडून डोक्यावर पडून जगभर पोरं गेलेली आहेत. वरच्या दांड्याला पुढच्या बाजूनं हातानं ओढून बघा, मागचा पाय जमिनीवरून उचलला गेला तर तो गोल वापरायचा नाही किंवा मागच्या आडव्या दांड्यावर वाळूची भरलेली पोती टाकायची, खुंट्या ठोकायच्या. खेळाच्या नियमातसुद्धा गोल जमिनीला घट्ट बांधलेला पाहिजे असंच आहे. आणि लटकायचं नाही, कुणीही नाही, ‘पुलअप्स मारतोय सर’ हे कारणपण नाही. जाळीचे लोखंडी हूक उघडे असतील तर चिकटपट्टी गुंडाळा, कीपरची बोटं त्यातच अडकतात.

*थांबा:* ग्राउंडच्या मोठ्या गेटला कुलूप आहे का, चावी कुणाकडं आहे? पोरं कुंपणाच्या फटीतून येतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण अँब्युलन्स फटीतून येत नाही.

टप्पा ३: बॉल, बूट, कडं

बॉल ५ नंबरचा, ४१० ते ४५० ग्रॅम. १२ वर्षांपर्यंतच्या पोरांना ४ नंबर द्या, आठच्या आतल्यांना ३ नंबर. हवा किती ते बॉलवर व्हॉल्वजवळ छापलेलं असतं, पण गेज नसेल तर दोन्ही अंगठ्यांनी दाबा, जेमतेम थोडा दबला पाहिजे. सहापैकी दोन दगडासारखे आणि दोन लुळे असले की पोरांचा टच बिघडतो आणि आपण पोरांना शिव्या घालतो. पावसात जुना शिवलेला बॉल पाणी पितो, जड होतो, तो त्या दिवशी हेडिंगला नाही.

बुटात माझं मत ठाम आहे. कडक लाल मातीवर लांब स्टडचे (तळाला लांब खुंट्या असलेले) बूट घालायचे नाहीत, कितीही महागाचे असू देत. स्टड जमिनीत रुतत नाहीत, सगळं वजन चार-सहा टोकांवर येतं आणि वळताना पाय डगमगतो. बारक्या बारक्या रबरी स्टडचे बूट या मातीला बरे आणि स्वस्तही पडतात. लांब स्टड पावसाळ्यात, चिखलात.

शिनगार्ड (नडगीवरचं कवच) प्रॅक्टिसलासुद्धा लागतात. ‘मॅचला घालतो सर’ हे रोजचं उत्तर असतं, पण लाथ काय आज प्रॅक्टिस आहे म्हणून हळू लागत नाही. नसेल तर त्या पोरानं त्या दिवशी पासिंगचं काम करायचं, मॅचमध्ये उतरायचं नाही. दोनदा असं बसवलं की तिसऱ्या दिवशी आपोआप येतात.

हातातलं कडं, गळ्यातली चेन, कानातली बाळी, अंगठी काढायची. चिकटपट्टी लावून झाकलेलं चालत नाही, नियमातही चालत नाही. कडं हा आपल्याकडचा खास प्रकार आहे, एका हवेतल्या टकरीत समोरच्याचा दात गेलेला मी डोळ्यांनी बघितलाय. तोंडात च्युइंगम असेल तर थुंकून ये म्हणायचं, बाकी काय काय असतं ते आपल्याला माहीत आहे, तेपण.

*चेक:* हजेरी घेताना प्रत्येकाला एकच प्रश्न, ‘काही दुखतंय का?’ सगळ्यांसमोर ओरडून नाही, जवळ जाऊन. सगळ्यांसमोर कुणी हो म्हणत नाही.

टप्पा ४: वॉर्म-अप, २० मिनिटं, यात घासाघीस नाही

दोन राऊंड आणि उभ्या उभ्या हातपाय झटकणं म्हणजे वॉर्म-अप नव्हे. आणि जमिनीवर बसून पायाचा अंगठा धरून मिनिट मिनिट ताणत बसणं हे तर सुरुवातीला नकोच, लांब ताणलेल्या स्नायूचा झटका उलट थोडा कमी होतो. ते शेवटी करा.

फिफा इलेव्हन प्लस नावाचा तयार वॉर्म-अप आहे, फुकट, १५ व्यायाम, सामान लागत नाही, नवीन काही शोधायची गरज नाही. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या टीम्सवर त्याचा मोठा अभ्यास झाला, २००८ साली छापून आला, त्यात हा वॉर्म-अप करणाऱ्या टीम्समध्ये एकूण इजा साधारण एक तृतीयांशानं कमी निघाल्या. क्रम असा:

पहिला भाग, ८ मिनिटं, सावकाश धावणं. ५-६ कोनांच्या जोड्या लावा, दोघं दोघं जातील. सरळ धावणं, गुडघा वर घेऊन बाहेर फिरवणं, मग आत फिरवणं, जोडीदाराभोवती चक्कर, उडी मारून खांद्याला खांदा, शेवटी पुढं-मागं पटापट.

दुसरा भाग, १० मिनिटं, ताकद आणि तोल. प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरणं), आडवा प्लँक, मांडीमागचा व्यायाम (गुडघ्यावर बसायचं, जोडीदारानं घोटे धरायचे, अंग सरळ ठेवून सावकाश पुढं झुकायचं), एका पायावर उभं राहणं, स्क्वॅट, उड्या. सगळ्यांच्या सोप्या ते अवघड अशा तीन पायऱ्या आहेत. मांडीमागचा व्यायाम सुरुवातीला ३ ते ५ वेळाच, जास्त केला की दुसऱ्या दिवशी पोरं जिना उतरत नाहीत आणि घरून फोन येतात.

तिसरा भाग, २ मिनिटं, वेगात. ग्राउंडच्या आडवं पळणं, लांब ढांगा, आणि पाय रोवून दिशा बदलणं.

आठवड्यातून कमीत कमी दोनदा व्हायलाच पाहिजे. नवीन टीमला पहिले काही दिवस अर्धा तास लागतो, वैतागून सोडू नका, पंधरा दिवसांत २० मिनिटांवर येतं.

चूक कुठं होते? तर बघणारं कुणी नसतं. कोच फोनवर, पोरं पाट्या टाकतायत. उडीवरून उतरताना गुडघा आत पडतोय का एवढं एक तरी समोरून उभं राहून बघा, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत पाहिजे. मुलींच्या टीममध्ये तर दुप्पट लक्ष द्या, गुडघ्यातलं लिगामेंट तुटायचं प्रमाण मुलींमध्ये जास्त असतं.

कीपरचा वॉर्म-अप पहिल्या भागानंतर वेगळा: आधी हातात सोपे बॉल, मग बसून बाजूला पडणं, मग गुडघ्यावरून, मग उभ्यानं डाईव्ह. थंड कीपरवर पंचवीस जणांनी ठोकणं बंद करा, मनगटं आणि बोटं तिथंच जातात. आणि लाल मातीवर कीपरला लांब ट्रॅक पँट.

टप्पा ५: रोंडो आणि मग लगेच स्प्रिंट

८ पावलांचे चार चौकोन, प्रत्येकात ५ जण, चार बाहेर पास देणारे, एक आत बॉल काढणारा, एकाला जास्तीत जास्त दोन टच. एकाच वेळी २० च्या २० जण कामात असतात, मला यापेक्षा स्वस्त ड्रिल माहीत नाही.

फक्त ‘ज्याचा बॉल गेला तो आत’ हा नियम काढून टाका. त्यानं काय होतं की कच्चा पोरगा सगळा वेळ आतच पळत राहतो आणि ज्याला पासिंगची गरज आहे त्यालाच पासिंग मिळत नाही. घड्याळ लावा, ४५ सेकंदांनी आतला बदला.

नंतर लगेच ५-६ स्प्रिंट, २० मीटरच्या, मध्ये ३०-४० सेकंद चालत परत. लोक स्प्रिंट शेवटी घेतात, मॅच झाल्यावर, ‘स्टॅमिना वाढतो’ म्हणून. दमलेल्या पायावर फुल स्पीड म्हणजे मांडीमागची शीर मागून घेणं. वेग ताज्या पायानंच वाढतो. शिक्षा म्हणून राऊंड देणंपण बंद करा, उशिरा आलेल्याला तुम्ही पाच राऊंड मारायला लावता, तो वॉर्म-अप चुकवतो आणि थेट मॅचमध्ये येतो, म्हणजे शिक्षा झाली पायाला.

टप्पा ६: मुख्य विषय, आणि रांगेचा हिशोब

सगळ्यात जास्त वेळ इथं वाया जातो म्हणून जरा गणित करू. १८ पोरं, २ कीपर. एक गोल, एक रांग, एका शॉटला १५ सेकंद. म्हणजे एकाचा नंबर साडेचार मिनिटांनी येणार. २० मिनिटांत चार शॉट! बाकी वेळ रांगेत एकमेकांना चिमटे काढणं, आणि थंडीत उभं राहून गरम केलेले पाय परत गार.

आता त्याच १८ जणांचे सहा-सहाचे तीन गट. एक खरा गोल, त्याच्या बाजूला दोन बांबूंचा नाहीतर कोनांचा दुसरा, दोन्हीत एकेक कीपर. दोन गट शूटिंगला, तिसरा बाजूच्या चौकोनात विषयाचं काम करतोय, साडेसहा मिनिटांनी फिरवायचं. सहा जणांत नंबर दीड मिनिटानं येतो. प्रत्येक जण दोन फेऱ्या शूटिंगला येतो, म्हणजे आठेक शॉट झाले आणि वर साडेसहा मिनिटं सलग पासिंग. पोरं तीच, कीपर तेच, ६ बॉलसुद्धा तेच, दोन-दोन वाटून.

मांडणीत एकच गोष्ट सांभाळा. दोन्ही गोलांचं तोंड एकाच बाजूला. समोरासमोर किंवा पाठीला पाठ लावले की एकाचा चुकलेला शॉट दुसऱ्या गटाच्या डोक्यात बसतो, पाठमोऱ्या पोराला तो दिसतही नाही. शक्य असेल तर गोलमागं भिंत येईल असं लावा, बॉल आणायचा वेळ वाचतो. भिंत नसेल आणि कुणी गोलमागं बॉल आणायला गेलं असेल तर तो बाहेर येईपर्यंत शॉट नाही. हे पहिल्या दिवशीच कडक सांगा.

शिकवताना थांबवलं तर ३० सेकंदांत बोलून सोडा. आपल्याला बोलायला आवडतं, मान्य आहे, पण सूर्य बुडत असतो. करून दाखवा, एकच चूक सांगा, परत सुरू.

*हेडिंगचं सांगतो:* इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं फेब्रुवारी २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना ट्रेनिंगमध्ये हेडिंग नको असं सांगितलं, अमेरिकेत १० वर्षांपर्यंतच्यांना मनाई आहे आणि ११ ते १३ ला आठवड्याला जास्तीत जास्त ३० मिनिटं. आपल्याकडं बारक्या पोरांना गोल करून ‘घे डोक्यानं’ चालू असतं. लहानांना अजिबात नको. मोठ्यांना मोजून, हातानं फेकलेल्या हलक्या बॉलवर, मान घट्ट, कपाळ, डोळे उघडे. लांबून मारलेल्या गोलकिकवर वीस वीस हेडर घेऊ नका.

मध्येच: पाणी, ऊन, वीज

‘दमल्याशिवाय पाणी नाही’ म्हणणारे कोच अजून आहेत. वरच्या साच्यातल्या दोन वेळा कमीत कमी, उन्हात दर १५-२० मिनिटांनी पाणी, प्रत्येकाची बाटली वेगळी. उन्हात ओआरएस, पण पाकीट बघून: मोठं पाकीट एक लिटर पाण्याला असतं, बारकं २०० मिलीला. अर्ध्या ग्लासात मोठं पाकीट ओतून पाजणं चुकीचं आहे, त्यानं त्रासच होतो.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की पोरं एकदम परत येतात आणि आपण पहिल्याच दिवशी फुल प्रॅक्टिस घेतो. अंगाला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर निम्मं काम. मे महिन्यात सकाळी ६ ते साडेसात, दुपारी नाही. रोजे चालू असतील, नवरात्राचा कडक उपास असेल, तर त्या पोरांना आधीच विचारा, पळापळीचं काम कमी करा, आणि हे चारचौघांत जाहीर करू नका.

उन्हात पोरगं बडबडायला लागलं, झोकांड्या खातंय, अंग भट्टीसारखं तापलंय, तर तो उष्माघात. आधी गार करायचं, मग हलवायचं: सावली, कपडे काढा, मिळेल तेवढं पाणी अंगावर ओता, वारा घाला, बर्फ असेल तर मान, काखा, जांघेत, आणि १०८ ला फोन. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

वळवाचा पाऊस संध्याकाळीच येतो, आपल्या प्रॅक्टिसच्या वेळेला. गडगडाट ऐकू आला की ग्राउंड रिकामं. पक्की इमारत किंवा बंद कार. झाड, गोलपोस्ट, पत्र्याची शेड या तिन्ही जागा वाईट, आणि पोरं नेमकी तिथंच पळतात. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं, पाऊस थांबला म्हणून लगेच उतरायचं नाही.

टप्पा ७: मॅच, पण लहान

‘सर मॅच लावा’ हे तिसऱ्या मिनिटापासून सुरू होतं. देऊ नका, पण शेवटी मॅच नक्की द्या, ती काढून घेतली तर उद्या निम्मी पोरं येणार नाहीत. दहा विरुद्ध दहा अर्ध्या ग्राउंडवर म्हणजे नुसती झुंबड. त्यापेक्षा पाच-पाचच्या चार टीम, दोन छोटी ग्राउंडं, साधारण ३५ बाय २५ पावलं. बॉल सारखा पायात येतो, लपायला जागा नसते. सात-सात मिनिटांचे तीन गेम, टीम बदलून.

विषय मॅचमध्ये आणा. पहिला टच शिकवलात तर नियम टाका की पास घेऊन वळून गोल झाला तर दोन गोल. नाहीतर ३९ ते ५९ मिनिटांत केलेलं सगळं विसरून पोरं परत आपल्या जुन्या खेळावर.

स्लायडिंग टॅकल (घसरत जाऊन बॉल काढणं) लाल मातीवर बंद, मागून टॅकल कुठंही बंद. तेरा वर्षांच्या किरकोळ पोरासमोर सोळाचा आडदांड उभा करू नका, वय नाही अंग बघून वाटणी करा. आणि खुन्नस ओळखा. दोन गल्ल्यांचं काहीतरी झालेलं असतं, ते इथं घोट्यावर निघतं. तापलं की शिट्टी मारून दोघांना एकाच टीममध्ये टाकायचं, बहुतेक वेळा भागतं.

टप्पा ८: लागलंच तर

पाय मुरगळला: बूट सैल करा, बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उंच. पहिले दोन दिवस चोळणं, मलम रगडणं, ओढून ‘बसवणं’ बंद. पेठेत हाड बसवणारा कुणीतरी असतोच आणि घरचे तिकडंच नेतात, तेव्हा आधी एक्स-रे काढा म्हणून सांगा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे लागतोच.

खरचटलं: वाहत्या पाण्यानं माती जाईपर्यंत धुवा. तालमीची सवय म्हणून वर माती लावणारे आहेत, नका लावू. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते घरी विचारायला सांगा.

डोक्याला मार: इथं सगळ्यात जास्त चुका होतात, कारण पोरगं उठतं, हसतं आणि ‘काय नाही सर’ म्हणतं. त्याला विचारा: आपण कुठल्या ग्राउंडवर आहोत, शेवटचा गोल कुणी मारला, मागची मॅच कुणाशी होती, जिंकलो की हरलो? उत्तर गडबडलं, डोकं दुखतंय, मळमळतंय, अंधारी येतेय, चाल वाकडी आहे, यातलं एक जरी असलं तरी त्या दिवशीचा खेळ संपला. सगळी उत्तरं बरोबर आली आणि तरी तुम्हाला शंका असेल तरी संपला. एकट्याला गाडीवर घरी पाठवायचं नाही, घरच्यांच्या ताब्यात द्यायचं, डॉक्टरला दाखवायचं. परत येताना पायरीपायरीनं, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, टक्कर-टॅकलचा खेळ डॉक्टर हो म्हटल्यावरच. बेशुद्धी, परत परत उलटी, फिट, मानेत दुखणं असेल तर मान न हलवता १०८.

कुणाचा धक्का न लागता पोरगं कोसळलं: हृदय थांबलंय असंच धरून चाला. हाक मारून, हलवून प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतंय, तर वेळ घालवायचा नाही. कधी कधी हातपाय झटकतात म्हणून लोकांना फिट वाटते आणि कांदा नाहीतर चप्पल हुंगवत बसतात, तीच मिनिटं महत्त्वाची असतात. एकानं १०८, एकानं गेट उघडायला पळायचं, तुम्ही छातीच्या मधोमध दोन्ही तळहात, ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं दाबत राहायचं, मदत येईपर्यंत. गोव्याच्या डेंपो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्टियानो ज्युनियर ५ डिसेंबर २००४ ला बंगळुरात फेडरेशन कपच्या फायनलमध्ये ग्राउंडवरच गेला. उलट १२ जून २०२१ ला डेन्मार्कचा एरिक्सन युरोच्या मॅचमध्ये कोसळला तेव्हा लगेच छाती दाबली, शॉक दिला, तो वाचला आणि परत खेळलासुद्धा. हे छाती दाबणं म्हणजेच सीपीआर, ते एकदा कुणाकडून तरी हातानं शिकून घ्या, वाचून येत नाही.

*चेक:* बॅगेत क्रेप बँडेज, गॉझ, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, ओआरएस, आणि थर्मासमध्ये बर्फ. दमेकऱ्याचा पंप त्याच्या घरी नाही, ग्राउंडच्या कडेला पाहिजे. पेन-किलर स्प्रे मारून परत उतरवणं हा उपचार नाही.

टप्पा ९: शेवटची ८ मिनिटं

तीन-चार मिनिटं हळू पळणं, मग चालणं, मग ते मघाशी राहिलेलं बसून ताणणं. यानं उद्याचं दुखणं जादूनं जात नाही, पण पोरं शांत होतात आणि लंगडणारा नजरेला पडतो, खरं काम ते. चालताना प्रत्येकाकडं बघा. मॅच उद्या असेल तर आजची प्रॅक्टिस ४५-५० मिनिटांतच आवरायची, मॅचच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी नाहीतर नुसतं हलकं.

बॉल मोजा, बिब (टीम ओळखायला वरून घालायची जाकिटं) मोजा. सहावा बॉल गटारात किंवा रस्त्यापलीकडं गेला असेल तर तो आणायला अंधारात एकटं पोरगं पाठवू नका, दोघं जा, नाहीतर तुम्ही जा. शेवटचा पोरगा घरी जाईपर्यंत थांबायचं, आणि शक्यतो दोन मोठी माणसं थांबायची.

मग वहीत तीन ओळी: किती आले, काय जमलं नाही, कुणाला काय लागलं. माझ्या वहीत मागच्या मंगळवारी लिहिलंय, ‘१७ आले. डावा पाय कुणालाच येत नाही. मोठ्या गेटची चावी सापडत नाही.’ चावी दुसऱ्या दिवशी पानपट्टीवाल्याकडं निघाली, आता एक माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.